उपसा बंद ठेवावा

मे महिन्यात मी काही दिवस मुळशीत होते, असं सांगितलं की आमच्या बावधनच्या सोसायटीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठलं रिसॉर्ट?" दुसरा, "जेवण कसं होतं?" जेवण उत्तम होतं. रिसॉर्ट कुठलंच नव्हतं. मी विहिरी मोजायला गेले होते.

हे ऐकून लोक हसतात. विहिरी मोजायच्या म्हणजे काय, एक-दोन-तीन? तसं नव्हे. विहिरीच्या काठावरून आत टेप सोडायची. तिच्या टोकाला एक वजन असतं, ते पाण्याला टेकलं की वर हातातली रिळाची पेटी टीं करून ओरडते. मग पाणी किती खाली आहे तो आकडा वाचायचा, फोनमध्ये भरायचा आणि पाठवून द्यायचा. काम एवढंच. पण कुठल्या वाडीला पाऊस येईपर्यंत फुकटचा टँकर द्यायचा आणि कुठल्या वाडीला नाही, ते या आकड्यावरून ठरतं. मी जन्मभर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर नुसतं बसून काय करायचं म्हणून एका कचेरीचं हे कंत्राटी काम घेतलं. घेतलं नसतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

पुण्यातल्या माणसाला मुळशी म्हणजे पाऊस, धबधबा, कणीस आणि वाहनांची रांग. तिथे पाण्याची टंचाई असते म्हटलं तर त्याला ती थट्टा वाटते. पण जमिनीखाली काळा कातळ आहे. पाऊस कोसळतो, कातळावरून धावत सुटतो, धरणात जातो आणि तिथून घाटाखाली. विहिरीच्या वाट्याला येतं ते कातळाच्या भेगांतून झिरपलेलं, जेमतेम. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण ज्याने काढली, तो याच बाजूचा असणार.

घोटावडे

गाडी आणि ड्रायव्हर कचेरीने दिला होता. दत्तोबा पौडचे, पन्नाशीचे, तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "मॅडम, पानी हाय का न्हाई हे बगायला टेप कशाला लागती? हंड्याची रांग बगा की." मी त्यांना शास्त्र समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि गाडीचा गिअर बदलला.

शास्त्र वाचकांनाही थोडं सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. विहिरीवर पंप चालू असेल तर पाणी तात्पुरतं खाली गेलेलं असतं. खरी पातळी हवी असेल तर पंप थांबवायचा आणि झऱ्यांना पाणी परत भरू द्यायचं. म्हणून आमच्या कचेरीने सगळ्या ग्रामपंचायतींना आधीच निरोप पाठवला होता : मोजणीपूर्वी दोन दिवस विहिरीतून उपसा बंद ठेवावा.

घोटावड्याला विहिरीचे मालक नाना आम्हाला घ्यायला रस्त्यापर्यंत आले. जुनी जमीनदार मंडळी. निम्मी जमीन कारखान्यांना गेली, उरलेलीवर खोल्या बांधून कामगारांना भाड्याने दिल्या आहेत. माणूस मोठा अगत्याचा. आधी जेवा, मग विहीर, असा त्यांचा हट्ट होता. रायवळ आंब्याचा रस, पुरणाइतक्या मऊ पोळ्या, कैरीचं लोणचं. मी तीन वाट्या रस खाल्ला आणि हात धुताना पंपाचा आवाज ऐकला.

विहिरीवर दोन पंप धडाधडा चालू होते आणि शेजारी टँकरांची रांग होती.

"नाना, उपसा बंद ठेवायचा होता ना?"

"कागुद वाचला की मॅडम. पर पंप बंद ठिवला तर तुमच्या बावधनवाल्यांनी अंगुळी कशानं करायच्या?"

मी रांगेकडे बघितलं. तिसरा टँकर ओळखीचा होता. मागे गुलाबी अक्षरांत 'आईचा आशीर्वाद' लिहिलेला. आमच्या सोसायटीत रोज सकाळी तोच येतो. आमचा सेक्रेटरी फोन करतो, अर्ध्या तासात टँकर दारात. त्या पाण्याने आम्ही आंघोळी करतो, गाड्या धुतो, आणि मुलांसाठी एक तलाव आहे तोही भरतो. पाणी कुठून येतं हे मी एवढ्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

मी टेप सोडली. पंपांनी पाणी पार तळाला नेलं होतं. फोनमध्ये 'उपसा चालू' अशी खूण केली आणि आकडा भरला. फोनने एवढंही विचारलं नाही की उपसा का चालू आहे. गावाच्या नावापुढे लाल ठिपका उमटला. लाल म्हणजे टंचाई.

नाना फोनमध्ये डोकावले. "लाल म्हंजी चांगलं का वाईट?"

"तुमच्यासाठी चांगलं," दत्तोबा म्हणाले. "तुमच्या गावाला टँकर मिळंल आता."

नाना पोट धरून हसले. मला हसू आलं नाही, पण त्यांचा रस पोटात होता, म्हणून बोललेही नाही.

पौडच्या पुढे

दुसऱ्या दिवशीची पहिलीच विहीर सापडेचना. कचेरीच्या नकाशात ती शेतात होती. शेताच्या जागी आता बंगले झाले होते, त्यांना दगडी कमान होती, आणि कमानीत बिहारकडचा पहारेकरी बसलेला. मी त्याला विहिरीचं विचारलं.

"कुआँ? कुआँ तो नहीं है मैडम. डेकोरेशन है."

त्याने नेऊन दाखवलं. विहिरीवर काँक्रीटचा स्लॅब टाकून वर गोल बाक केला होता. मधोमध सिमेंटचा बगळा. बगळ्याच्या चोचीतून पाणी उडतं, पण फक्त शनिवार-रविवारी, मालक येतात तेव्हा. स्लॅबच्या फटीतून टेप आत जाते का ते बघावं म्हणून मी वाकले, तर माझा चष्माच फटीतून आत गेला. पाण्यात पडल्याचा आवाज आला नाही. पहारेकऱ्याला माझी एवढी कीव आली की त्याने आपल्या डब्यातला सातूचा पराठा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा मला खायला लावला. त्या जागेची नोंद मी 'विहीर उपलब्ध नाही' अशी पाठवली, आणि पुढचे सगळे आकडे जुन्या चष्म्याने, डोळे बारीक करून वाचले.

त्या संध्याकाळपर्यंत मी बऱ्याच विहिरी बघितल्या होत्या. एकाही ठिकाणी उपसा बंद नव्हता. कुणी म्हणालं कागद आलाच नाही, कुणी म्हणालं आला पण भाजीची रोपं मरतील. एका सरपंचांनी तर "तुमी येताय म्हणून सकाळीच बंद केला" असं तोंडावर सांगितलं, आणि पंपाला हात लावला तर तो तापलेला होता. मला सगळ्यांचाच राग आला होता. एक साधा निरोप, तोही कुणाला पाळता येऊ नये?

मालेच्या वर

माले गावाच्या वर डोंगराच्या खांद्यावर एक धनगरवाडा आहे. पाचसहा घरं, शेळ्यांचे गोठे, दोन-चार म्हशी. गाडी अर्ध्यावर थांबते, पुढे चढ. वाटेत करवंदाच्या जाळ्या लागल्या. दत्तोबा धापा टाकत होते, तरी तोंड चालू होतं, एकदा करवंदांसाठी आणि एकदा कचेरीच्या नावाने.

हौसाबाई वाड्याच्या तोंडाशीच उभ्या होत्या. माझ्याच वयाच्या, नवऱ्यामागे शेळ्या सांभाळणाऱ्या. मुलगा हिंजवडीला एका खानावळीत कामाला, सून शेवंता इथे. राम राम झाल्यावर पाणी-बिणी काही न विचारता त्यांनी मला थेट विहिरीवर नेलं.

"बगा ताई. कागुद आला हुता न्हवं? दोन दीस हात लावला न्हाई पान्याला. पोहरा सुदिक सोडला न्हाई कुनी."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. सबंध तालुक्यात एकाच ठिकाणी आमचा निरोप कुणीतरी मानला होता! मी दत्तोबांना म्हटलंसुद्धा, "बघा, सांगितलं तर ऐकतात लोक." दत्तोबा ओंजळीतली करवंदं खात राहिले.

विहीर लहान, पण देखणी होती. हौसाबाईंच्या सासऱ्यांनी आणि त्यांच्या भावांनी पहारीने कातळ फोडून खणलेली. काठाला पाणी राखणाऱ्या सात आसरांचे शेंदूर फासलेले दगड. पंप नाही, नुसता रहाट आणि दोर. आत गुडघ्याच्या वर पाणी होतं, तळातला दगड न् दगड दिसेल इतकं नितळ.

मी टेप काढली तसं हौसाबाईंनी माझा हात धरला. "थांबा. पैलं माप हाय. लाभ म्हना."

आमच्या आजोळी धान्याची रास मोजताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणत. मग दोन, तीन. मी ते विसरून गेले होते. मी "लाभ" म्हटलं आणि टेप सोडली. टीं वाजलं, त्याबरोबर कडेच्या शेळ्या उधळल्या आणि दोन म्हाताऱ्या खदाखदा हसल्या. आकडा भरला. डोंगरावर फोनला छान रेंज होती, क्षणात गेला. वाड्याच्या नावापुढे हिरवा ठिपका आला.

मग जेवण. नाचणीची भाकरी, हुलग्याची आमटी, करवंदाची आंबट-तिखट चटणी. प्रवासात जे जे खाल्लं त्यात हे सगळ्यात चवदार. नंतर शेळीच्या दुधाचा चहा आला. चहा मात्र विचित्र लागला, मातकट. पेल्याच्या तळाशी बारीक गाळ होता.

"पाणी कुठलं हे?" मी सहज विचारलं.

"धरनाच्या कडंचं," शेवंता म्हणाली. ती लंगडत होती हे मला तेव्हा दिसलं. "दोन दीस तितनंच आनतुया. पानी लई मागं गेलंय, निस्ता गाळ. माजा पाय मुरगाळला, आन् धाकलं करडू पान्याला म्हून गेलं ते रुतलं. निगालं न्हाई."

"पाव्हन्याम्होरं काय सांगतीस गं?" हौसाबाई तिच्यावर डाफरल्या.

मी पेला खाली ठेवला. "पण हौसाबाई, प्यायला हंडाभर तरी काढायचं की. उपसा म्हणजे पंप. निरोप पंपवाल्यांसाठी होता."

"त्ये कुटं लिवलं हुतं? मी इच्यारलं त्या पंचायतीच्या मानसाला, हंडा म्हंजी उपसा का? त्येला बी ठावं न्हवतं. म्हनला, कशाला इषाची परीक्षा, काडूच नका. टँकर पायजेल तर सायेब सांगत्यात तसं करा." त्यांनी विहिरीच्या दिशेने बघितलं. "न्हाईतर हिच्यात काय असतंय? सकाळी घरटी दोन हंडं निगत्यात, सांजच्याला दोन. तळाला वाटी घिऊन बसावं लागतं. ह्ये दोन दिसाचं साठल्यालं हाय, म्हून दिसतंय."

तेव्हा मला समजलं. पंपाची विहीर दोन दिवस थांबवली की तिची खरी पातळी कळते. ही विहीर थांबवली की तिची शिल्लक दिसते, आणि शिल्लक बघून आम्ही म्हणतो, यांच्याकडे भरपूर आहे. मी घाईघाईने फोन काढला. 'नोंद पाठवली आहे. बदल करता येणार नाही.' हिरवा ठिपका तसाच.

मी त्यांना सगळं सांगितलं. शेवंताला पटकन कळलं, ती उठून आत गेली. हौसाबाईंना उशिरा कळलं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

"म्हंजी पानी दिसलं ह्ये चुकलं व्हय?"

"तुमचं काही चुकलं नाही. आता पाणी काढा, रोजच्यासारखं वापरा. मी परवा परत येते. तेव्हा पुन्हा मोजू आणि साहेबांशी बोलते मी."

"काडू आत्ता?"

"काढा."

बायका हंडे घेऊन धावल्या. मुलांनी काठावरच डोक्यावर पाणी ओतून घेतलं, शेळ्यांनी डोणीत तोंडं खुपसली. मी उतरायला लागले तेव्हा रहाटाचा आवाज बराच खालपर्यंत ऐकू येत होता.

पुन्हा वर

मधल्या दिवसाच्या विहिरींबद्दल मला काही आठवत नाही. आकडे बरोबर भरले असतील अशी आशा आहे.

सांगितल्याप्रमाणे त्यानंतरच्या दिवशी वर गेलो तर विहीर रिकामी. तळाला ओला गाळ, आणि एका कोपऱ्यात दगडाखाली वाटी टेकवून ठेवलेली. वाटीत अर्धं पाणी. मी टेप काढली. हौसाबाई शेजारी उभ्या होत्या.

"लाभ म्हणू?"

"न्हाई. लाभ झाला परवा. आता दोन म्हना."

"दोन," मी म्हटलं. वजन खाली गेलं आणि गाळात थप् करून बसलं. पेटी ओरडली नाही. शेळ्यांनी मान वर केली, पुन्हा खाली घातली. फोनमध्ये आकडा भरायला गेले तर अक्षरं आली : या विहिरीची या हंगामातील नोंद झालेली आहे.

मी कचेरीतल्या साहेबांना फोन लावला. साहेब सज्जन आहेत, आवाज चढवत नाहीत. मी वाटीपासून करडापर्यंत सगळं सांगितलं.

"मॅडम, तुम्ही तर या विषयाच्या. उपसा बंद असतानाची पातळी खरी की उपशानंतरची?"

"उपसा बंद असतानाची. पण इथे..."

"मग माझ्याकडे तीच आहे. सगळ्या तालुक्यात एवढी एकच नोंद नियमाप्रमाणे आहे. ती खोटी आणि उपसून रिकामी केलेली खरी, असं मी वर कसं लिहू?"

मी कॉलेजात हेच शिकवत आले. मुलांनी उलट लिहिलं तर गुण कापत आले. नानांच्या गावाचं काय, एवढं तरी विचारायचं म्हणून विचारलं. ते म्हणाले, तिथे लाल आहे, टँकर मंजूर झाला.

हौसाबाईंनी माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. "म्हंजी न्हाई."

"नाही."

दत्तोबांनी कचेरीच्या, फोनच्या आणि ॲप बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कुणी त्यांना थांबवलं नाही. हौसाबाई गोठ्यात गेल्या आणि शेळ्या सोडायला लागल्या. खाली एका गावात त्यांचा भाऊ आहे, त्याच्या विहिरीला अजून पाणी आहे. पण तो सगळी जनावरं ठेवून घेणार नाही. निम्म्या शेळ्या वाटेतच विकाव्या लागणार होत्या. कुठल्या विकायच्या ते त्या तोंडातल्या तोंडात ठरवत होत्या, एकेकीच्या पाठीवर हात ठेवून. बाकीच्या घरांतही आवराआवर चालली होती. शेवंताने एक पत्र्याची पेटी बाहेर आणून ठेवली. ती हिंजवडीला नवऱ्याकडे निघाली होती.

"पाऊस झाला की येशील ना गं?" हौसाबाईंनी विचारलं.

"न्हाई यायची मी," शेवंता म्हणाली. पेटीची कडी लावताना तिने वर बघितलंही नाही. "पानी असून धरनावर जायला लावलं तुमी. परत न्हाई यायची वर."

मला वाटलं, आता हौसाबाई माझ्यावर ओरडतील. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी करवंदीच्या काटेरी फांद्या ओढत आणल्या आणि आपल्यामागे एखादं जनावर आत पडू नये म्हणून विहिरीच्या तोंडावर रचल्या. मी दुसऱ्या टोकाला धरलं. हात ओरबाडले. सात आसरांच्या दगडांना त्यांनी हळदकुंकू वाहिलं. मग माझ्या हातातल्या फोनकडे बोट केलं.

"ताई, त्येच्यात आनखी काय लिवता येतं का?"

"काय लिहायचंय?"

"की आमी ऐकलं हुतं. टँकर नगं आता, कुनी हितं ऱ्हानारच न्हाई. पर दोन दीस पान्याला हात लावला न्हाई, सायबानं सांगितलं तसंच केलं, एवडं लिवा."

मी फोन उघडून बघितला. गावाचं नाव, विहिरीचा क्रमांक, काठाची उंची, पाण्याची खोली, उपसा चालू की बंद. त्याखाली 'पाठवा'. त्यापुढे जागा नव्हती, आणि असती तरी नोंद केव्हाच बंद झाली होती. मी म्हटलं, "लिहिते." त्यांनी मान हलवली आणि शेळ्यांना पुढे घालून त्या उतरायला लागल्या.

बावधनला परत आले त्या सकाळी 'आईचा आशीर्वाद' आमच्या टाकीत पाणी सोडत होता. पाइप गळत होता आणि फाटकापर्यंत ओहोळ आला होता. मी जिना न चढता बराच वेळ तिथेच उभी राहिले.

प्रवासवर्णन लिहायचं माझ्या मनात नव्हतं. पण कचेरीत मी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा ते लिहायला कुठे जागाच नाही असं कळलं, म्हणून इथे लिहिते आहे. मालेच्या वरच्या धनगरवाड्यात उपसा दोन दिवस बंद होता. त्यांनी ऐकलं होतं.